गुमती : जहाजातले पाणी उपसणारा माणूस

लहानपणी तरीतून खाडी ओलांडताना होडीच्या तळाशी साचलेले पाणी पाहून मी घाबरलो होतो. चपला भिजल्या होत्या. वल्हे मारणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांना मी म्हणालो, "मामू, होडीत पाणी येतंय." त्यांनी वल्हे थांबवले नाही. म्हणाले, "लाकडाची होडी आहे बाबा, पाणी येणारच. मघाशी होतं तेवढंच आहे की वाढलंय, ते बघून सांग." मी फळीवरच्या ओल्या रेषेवर बोट ठेवून बसलो. थोड्या वेळाने पाणी रेषेच्या वर दोन बोटे चढले. तसे सांगताच त्यांनी पायाजवळचा पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. "मग काढ. तळ दिसला की थांब." पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत मी पाणी उपसत होतो. उतरताना त्यांनी माझ्याकडून तरीचे पैसे घेतले नाहीत.

पुढे इतिहासाची पुस्तके चाळताना कळले की, मामूंनी त्या दिवशी मला एका जुन्या, रीतसर हुद्द्यावर नेमले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात 'मीर बहरी', म्हणजे दर्याच्या कारभाराचे एक प्रकरण आहे. मोठ्या जहाजावर किती प्रकारची माणसे असतात याची यादी त्याने तेथे दिली आहे. ते बारा हुद्दे असे : जहाजाचा मुखत्यार नाखुदा, वाट दाखवणारा मुअल्लिम, खलाशांचा नाईक तांडेल, उतारूंसाठी लाकूड-चाऱ्याची तजवीज करणारा व माल चढ-उताराला मदत करणारा नाखुदा-खशब, जहाज धक्क्याला लावणारा व काढणारा सरहंग, कोठी सांभाळणारा भंडारी, हिशेब लिहिणारा व उतारूंना पाणी वाटणारा करानी, सुकाणू धरणारा सुक्कानगीर, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा पंजरी, तोफा डागणारा गोलंदाज आणि शिडे-दोर ओढणारे खारवे. या सगळ्यांच्या बरोबरीने दहाव्या क्रमांकावर 'गुमती' आहे. तो खारव्यांपैकीच असतो आणि जहाजात झिरपलेले पाणी बाहेर टाकणे हे त्याचे काम, एवढेच अबुल फजल त्याच्याविषयी सांगतो.

या यादीतले बरेच शब्द आपल्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहेत. नाखुद्याचा नाखवा झाला, सरहंगाचा सरंग झाला. तांडेल आणि खारवी आहेत तसेच राहिले. अरबी 'सुक्कान' मराठीत सुकाणू होऊन बसले आणि आज मंत्रालयातल्या 'सुकाणू समिती'पर्यंत पोहोचले. गुमती मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही. आडनाव म्हणूनही तो उरला नाही. आणि तरीही लाकडी जहाजात पाणी किती यावे, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी होते तो माणूस हाच होता.

अबुल फजलच्या यादीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाणी येणे ही आपत्ती असती, तर तिच्यासाठी कायमचा माणूस कोणी नेमला नसता. घरात रोज आग लागते असे धरून कोणी घर बांधत नाही, पण रोज केर निघतो म्हणून केरसुणी ठेवतो. बादशाही काळातल्या जहाजमालकांनी झिरपणाऱ्या पाण्याला केराच्या सदरात टाकले होते. अरबी भाषेनेही तसेच केले. तेराव्या शतकाच्या अखेरीस इब्न मन्जूरने 'लिसान अल-अरब' हा अफाट शब्दकोश रचला. त्यात 'जम्मा' या शब्दाखाली जहाजाची जम्मा म्हणजे सांध्यांमधून पाझरलेले पाणी जिथे गोळा होते ती तळातली जागा, असा अर्थ दिला आहे. म्हणजे पाणी येणार हे गृहीत धरून त्याला जागा होती, त्या जागेला नाव होते आणि ते काढणाऱ्याला पगार होता.

पाणी का येते, हे समजायला होडीची बांधणी पाहावी लागते. फळीला फळी जोडून होडीचा पोटवळा तयार होतो आणि जिथे दोन फळ्या भिडतात तिथे सांधा असतो. दहा मीटर लांबीच्या साध्या मचव्यात प्रत्येक बाजूला पाण्याखाली सहा सांधे धरले, तरी एकूण १२० मीटर लांबीचा सांधा होतो. दर मीटरमागे दहा सेकंदांत फक्त एक थेंब आत आला असे समजू. तो डोळ्यांना दिसणारही नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला दोन लिटरांहून अधिक आणि दिवसभरात पन्नासेक लिटर पाणी तळाशी जमते. म्हणजे तीन-चार बालद्या. कुठेही भोक नाही, फळी फुटलेली नाही, कारागिराची चूक नाही, तरी एवढे पाणी येते. लहान होडीत रात्रभरात दोन-चार बालद्या निघाल्या तर जुनी माणसे त्याची चर्चाही करत नसत, ती यामुळे.

शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे बदलते. सुकले की आक्रसते, भिजले की फुगते. पावसाळ्यात वर ओढून झापांखाली शाकारून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात लोटली की पहिले एक-दोन दिवस ती चाळणीसारखी गळते. नवख्याला वाटते, होडी गेली. जाणता नाखवा तिला उथळ पाण्यात बांधून ठेवतो, लोटण्याआधी आतून पाणी मारतो आणि वाट पाहतो. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट दाबतात आणि गळती आपोआप कमी होते. होडीला जे पाणी बुडवू पाहते, तेच तिचे सांधे बंद करते. म्हणून पहिल्या दिवसाच्या गळतीवरून होडीची पारख करू नये, ती मुरल्यावर करावी, असा जुना दंडक आहे.

आपल्या समुद्रातली जुनी जहाजे तर खिळ्यांनी ठोकलेली नव्हतीच, ती शिवलेली होती. फळ्यांच्या कडांना भोके पाडून नारळाच्या काथ्याच्या सुंभाने त्या एकमेकींना शिवत. इतिहासकार मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास आपल्या चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तेव्हा तेथे राहत होते, असे तो नोंदवतो. या समुद्राचे पाणी लोखंड खाते, म्हणून इथली जहाजे शिवतात, असे कारण मसूदीने दिले आहे. चौदाव्या शतकात होनावर, कालिकत, मालदीव असा फिरलेला इब्न बतूता दुसरे कारण देतो. या समुद्रात खडक फार. खिळ्यांनी घट्ट ठोकलेले जहाज खडकाला लागले की फुटते, शिवलेले जहाज लवते आणि वाचते. बतूताचे कारण अधिक पटण्यासारखे आहे. मात्र जे लवते त्याचे सांधे हलतात आणि सांधे हलले की पाणी येते. खडकावर न फुटण्याची किंमत म्हणून रोजची थोडी गळती त्या लोकांनी समजून-उमजून पत्करली होती.

हे जहाज कसे होते याचा पुरावा समुद्राच्या तळाशीही सापडला आहे. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात चिनी मातीची सुमारे साठ हजार भांडी होती आणि जहाजाच्या फळ्या दोरीने शिवलेल्या होत्या. त्यावरून ओमानमध्ये 'ज्वेल ऑफ मस्कत' हे जहाज नव्याने शिवले गेले आणि २०१० मध्ये ते सिंगापूरपर्यंत गेले. आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्यात सुंभाने शिवलेले 'कौंडिण्य' २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. फळ्या जोडणारी ती सुई-दोऱ्याची विद्या अजून पुरती मेलेली नाही.

कुरआनातील एका शब्दाचा संबंधही इथे येतो. कमर सूरतेत हजरत नूह यांच्या नौकेचे वर्णन करताना फळ्यांबरोबर 'दुसुर' हा शब्द आला आहे. आपल्या तर्जुम्यांत त्याचा अर्थ बहुधा 'खिळे' किंवा 'मेखा' असा दिलेला असतो. पण जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी फळ्या शिवण्याचा खजुरीच्या तंतूंचा दोर असाही अर्थ सांगितला आहे. ११८३ मध्ये हजला निघालेला ग्रॅनाडाचा इब्न जुबैर तांबड्या समुद्रातील शिवलेल्या जहाजांचे वर्णन करतो, तेव्हा फटींत खजुरीच्या काड्या बसवतात हे सांगताना तो नेमका हाच शब्द वापरतो. ज्या वाचकांनी शिवलेले जहाज कधी पाहिलेच नाही, त्यांना खिळ्याशिवाय दुसरा अर्थ सुचणे कठीण होते. शब्दाचा अर्थ कधी कधी सुताराच्या हातात असतो, तो असा.

पाणी थोपवण्याचे उपायही होतेच. इब्न जुबैर सांगतो की, जहाज शिवून झाले की त्याला तूप, एरंडेल किंवा मुशीचे, म्हणजे शार्क माशाचे तेल चोपडत आणि त्यात मुशीचे तेल सर्वांत उत्तम. तेलाने लाकूड मऊ राहते, लवते, खडकांचे धक्के सोसते. सिराफच्या अबू झैदने दहाव्या शतकात देवमाशाच्या चरबीचा उल्लेख केला आहे. ती इतर जिनसांत मिसळून जहाजाच्या सांध्यांना आणि उघडलेल्या फटींना लावत. आपल्या किनाऱ्यावर राळ, तेल आणि कापूस यांचे मिश्रण चालत असे. फटी बुजवण्याच्या या कामाला जहाजी हिंदुस्तानीत 'कालापत्ती' म्हणत. अरबी 'कल्फता' आणि पोर्तुगीज 'कालाफाते' हे त्याचेच भाऊबंद. अठराव्या शतकात सुरतेला आलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस तेथील कारागिरांची एक वेगळी रीत सांगतो. ते फळ्या नुसत्या शेजारी न ठेवता एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवत आणि मध्ये कापूस घालत. सांधा इतका घट्ट बसे की फटी वारंवार बुजवाव्या लागत नसत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. पश्चिम किनाऱ्याच्या सुतारकामाची ती चालती-बोलती साक्ष आहे.

आता मूळ प्रश्न. किती पाणी म्हणजे चालण्यासारखे? याचे उत्तर लिटरमध्ये देता येत नाही. मामूंनी विचारले तेच खरे माप आहे : कालच्याइतके आहे की वाढले? रोज दहा बालद्या घेणारे जुने तारू वीस वर्षे धंदा करते आणि रोज एकच बालदी घेणाऱ्या नव्या होडीत एके दिवशी अचानक चार बालद्या आल्या तर ती किनाऱ्याला लावावी लागते. वाऱ्याच्या जोरात, शीड ताणलेले असताना, फळ्या कुरकुरतात आणि पाणी वाढते. ते समजण्यासारखे असते. पण शांत खाडीत नांगरावर असताना पाणी वाढले, तर काहीतरी बिघडले आहे. सगळीकडून थोडे थोडे पाझरत असेल तर ते लाकडाचे वय असते. एकाच जागेवरून येत असेल तर तेथे सांधा सुटला आहे, शिवण कुजली आहे किंवा लाकूड पोखरणाऱ्या किड्याने आपले काम केले आहे. पाणी जिभेला लावूनही पाहतात. खारट असेल तर ते खालून आले. गोडे असेल तर ते पावसाचे, वरच्या फळ्यांतून उतरलेले, आणि त्याची काळजी कधी कधी जास्त, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड टिकते आणि गोड्या पाण्यात ते कुजते.

पाझर आणि भोक यांतला फरक हिशेबाने पाहण्यासारखा आहे. पाण्याखाली एक मीटर खोलीवर फक्त एक सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे बारा लिटर पाणी आत येते. १२० मीटर सांध्याने जेवढे पाणी पूर्ण दिवसात दिले, तेवढे हे करंगळीएवढे भोक चार-पाच मिनिटांत देते. एक माणूस मिनिटाला एक बालदी किती तास काढू शकेल? तेवढा वेळ त्या होडीचे आयुष्य. आणि आत आलेले पाणी स्वस्थ बसत नाही. होडी कलली की तेही त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून तळाशी पाणी साचू देणे हेच मोठे पाप मानले जाई. येते त्याला इलाज नाही, साचते त्याला आहे.

हे ज्ञान तांडेलांच्या तोंडीच राहिले असे नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जुल्फारच्या अहमद इब्न माजिदने दर्यावर्दी विद्येवर 'किताब अल-फवाइद' लिहिली. वास्को द गामाला भारताची वाट त्याने दाखवली ही दंतकथा आता अभ्यासक मानत नाहीत, पण त्याच्या ग्रंथाचे मोल त्यामुळे उणावत नाही. तारे, वारे, किनाऱ्याच्या खुणा यांचा हा पंडित मुअल्लिमला सांगतो की, जहाज जमिनीवर असतानाच ते नीट पाहून घ्यावे आणि त्यातले दोष लिहून ठेवावेत. दोष लपवू नयेत, विसरू नयेत, लिहून ठेवावेत. त्याच्या लेखी निर्दोष जहाज असा प्रकारच नाही. ज्याचे दोष माहीत आहेत ते जहाज आणि ज्याचे माहीत नाहीत ते जहाज, असे दोनच प्रकार आहेत.

मराठ्यांच्या आरमारालाही हीच शिस्त लागू होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. दर्या उधाणण्याआधी आरमार सुरक्षित बंदरात छावणीला न्यावे, असे त्यात बजावले आहे. जहाज दरसाल वर घेतले तरच त्याचा तळ दिसतो, शेवाळ-शिंपले खरवडता येतात, सांधे भरता येतात. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली गोदी आजही पाहता येते. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि दार बंद करून ओहोटीला कोरडे करायचे, अशी तिची योजना. १६७९ मध्ये खांदेरीसाठी झुंज झाली तेव्हा शिवरायांच्या आरमाराचे नेतृत्व दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्याकडे होते आणि समोर इंग्रजांबरोबर जंजिऱ्याचा सिद्दी होता. म्हणजे मुसलमान दर्यावर्दी दोन्ही बाजूंना होते. इतिहासाची पुस्तके त्यांतील एका बाजूचीच आठवण वारंवार करून देतात. खांदेरीला रसद पोहोचवणाऱ्या मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून निसटत आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना हाती लागत नसत. त्या होड्यांच्या तळाशीही पाणी येत असणार आणि कोणीतरी ते उपसत असणार. त्याची जात, त्याचा धर्म कोणत्याही कागदात नाही.

मग गळती कधी जीव घेते? दोन प्रसंग सांगतो. दोन्ही हजच्या वाटेवरचे आहेत. आदिलशाही काळात आपल्या दाभोळहूनही जहाजे त्याच तांबड्या समुद्राकडे जात, म्हणून ते आपल्या घरचेच समजावेत.

पहिला प्रसंग इब्न जुबैरचा. ११८३ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ऐजाब बंदरातून तो जेद्दाला निघाला. तेथील शिवलेल्या जहाजांचे लाकूड हिंदुस्थान आणि यमनहून येई. जहाजांची त्याला भीती वाटली, पण त्याचा खरा संताप जहाजमालकांवर आहे. ते हाजींना कोंबड्यांसारखे एकावर एक कोंबत. एका फेरीत जहाजाची सगळी किंमत वसूल झाली की पुढे ते बुडले काय नि तरले काय, त्यांना फिकीर नसे. जहाज देणे आमचे काम, जीव सांभाळणे हाजींचे, अशी त्यांची वृत्ती होती. शिवण सोसेल तेवढेच ओझे घातले असते तर त्याच जहाजांनी माणसे सुखरूप नेली असती. ओझे वाढले की जहाज खोल बसते, वरचे सुकलेले सांधे पाण्याखाली जातात, आणि जो पाझर काल एका गुमतीच्या आटोक्यात होता तो आज दहांच्याही राहत नाही. दोष काथ्यात नव्हता, हिशेबात होता.

दुसरा प्रसंग १८८० चा. तोवर लाकूड मागे पडून लोखंड आले होते. 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूरहून पेनांगमार्गे हजारच्या घरात हाजी घेऊन जेद्दाकडे निघाली. त्यांत बायका होत्या, मुले होती. वादळी समुद्रात तिचे बॉयलर जागेवरून सुटले, नळ तुटले आणि तळात पाणी शिरू लागले. ८ ऑगस्टच्या पहाटे कप्तान, त्याची पत्नी आणि बहुतेक गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. जहाजमालकाचा पुतण्या सय्यद उमर हाही त्यांच्याबरोबर गेला. दुसऱ्या आगबोटीने त्यांना उचलले आणि १० ऑगस्टला एडनला पोहोचून त्यांनी जहाज हाजींसह बुडाल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी 'अँटेनॉर' या बोटीने 'जेद्दा'ला ओढत एडनच्या बंदरात आणले. हाजी जिवंत होते. त्यांनी पंप चालवले होते, पाणी उपसले होते. हाजींनी धमकावले म्हणून आपण गेलो, असे कप्तानाचे म्हणणे होते. चौकशी न्यायासनाने त्याला दोषी धरले आणि त्याचा परवाना तीन वर्षांसाठी रद्द केला. याच घटनेवरून जोसेफ कॉनराडने 'लॉर्ड जिम' ही कादंबरी लिहिली. ती जगभर वाचली गेली. पण तिचा नायक पळून गेलेला अधिकारी आहे. पंपावर उभ्या राहिलेल्या हाजींपैकी एकाचेही नाव जगाला ठाऊक नाही.

या प्रसंगात एक गोष्ट मनाला लागते. पळून जाणाऱ्यांत परके होते तसा आपलाही होता. आणि ज्यांना दर्याचे काही कळत नव्हते, ज्यांनी त्याआधी समुद्रही क्वचितच पाहिला असेल, त्यांनी गुमतीचे काम केले. ज्यांच्याकडे नकाशा, परवाना आणि विद्या होती, त्यांनी पाणी पाहून जहाज मेले असे ठरवले. ज्यांच्याकडे फक्त हात होते, त्यांनी पाणी काढले. जहाज तरले.

आपल्याला दोन होड्यांचे किस्से लहानपणापासून माहीत आहेत. कहफ सूरतेत हजरत खिजर गरिबांच्या होडीला भोक पाडतात. हजरत मूसा अस्वस्थ होतात. पुढे उलगडा होतो की धडधाकट होड्या बळकावणारा राजा येत होता आणि त्या दोषानेच होडी मालकांच्या हाती राहिली. दुसरा किस्सा बुखारीच्या हदीसमधला. एका जहाजावर काही लोक वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागे. आपण आपल्याच वाट्याच्या जागेत भोक पाडून पाणी घेतले तर वरच्यांना त्रास नको, असे त्यांना वाटले. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, रोखले तर सगळेच वाचतील. या हदीसवर आपल्याकडे प्रवचने होतात, आणि बहुधा खालच्यांनाच दोष दिला जातो. पण वरच्यांनी पाणी खाली पोहोचवण्याची सोय आधीच का केली नाही, हेही कधीतरी विचारायला हवे. आईनमधल्या जहाजावर उतारूंना पाणी वाटण्यासाठी माणूस होता आणि झिरपलेले पाणी काढण्यासाठीही माणूस होता. दोघेही पगारी होते, दोघेही यादीत होते.

समाजाच्या नौकेची उपमा आपल्या सभा-संमेलनांत फार वापरली जाते. आपली नौका गळते आहे, असे कोणी म्हटले की एक गट त्याला गप्प करतो : नौका पाक आहे, गळती हा दुश्मनांचा प्रचार आहे. दुसरा गट सरळ होडीत बसून निघून जातो. लाकडी जहाजांच्या इतिहासाने मला एवढे शिकवले की दोघेही चुकतात. माणसांनी बांधलेली, फळीला फळी जोडून केलेली कोणतीही गोष्ट थोडी पाझरणारच. मुलींची शाळा अर्ध्यात सुटते, तलाक दिलेल्या बाईला वाऱ्यावर सोडले जाते, वक्फच्या जमिनीचा हिशेब लागत नाही. हे पाणी आहे. ते आहे हे सांगणारा बेइमान नसतो. कालच्यापेक्षा वाढले की घटले, एवढे प्रामाणिकपणे मोजणारा माणूस हवा, आणि मोजून झाल्यावर डबा हातात घेणारा हवा.

आता आमच्या खाडीतल्या बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्या. त्यांना सांधे नाहीत, कालापत्ती नाही, पावसाआधी तेल चोपडणे नाही. पाणी आले तर ते एकतर पावसाचे किंवा फुटल्याचे, मधली अवस्था नाही. त्यांत माणसांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. तरीही लाकडी होडी दिसली की मी आधी तिच्या तळाकडे पाहतो. तळाशी थोडे पाणी असते. शेजारी एक डबा असतो. डबा जागेवर असला की मी निर्धास्त होऊन चढतो.